तार न जोडता गाणं पार

मोखाड्याचा बोहाडा असो, जव्हारातला गणपती असो की एखाद्या पाड्यावरची हळद, माईकवाल्याची कामं ठरलेली असतात. आधी लायटीचा पॉइंट शोधायचा, मग भोंगा टांगायला उंच झाड हेरायचं, मग लॅपटॉप मशीनला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, जोडायचा. आणि जोडल्या जोडल्या भोंग्यातून पहिला आवाज येतो तो गाण्याचा नव्हे, ‘घूंऽऽऽ’ असा. चार्जर उपटला की घूं गायब, लावला की पुन्हा हजर. यावर हुकमी औषध आहे: आगपेटीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर, दोन-चारशे रुपयांचा.

तिकडे स्वीडन-जपानातले हौशी लोक घरी डॅक बनवतात. डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या गाण्याची पुन्हा विजेची लहर करणारा डबा. या डब्याच्या शेवटच्या टप्प्यावर, गाणं बाहेर पडतं त्या दारात, ते असाच ट्रान्सफॉर्मर बसवतात. फक्त त्यांचा जोड हजारो रुपयांना पडतो आणि त्याच्याविषयी बोलताना त्यांचे डोळे मिटतात. आवाजात ऊब येते म्हणे. ऊब येते की नाही ते पुढे पाहूच. पण या वस्तूच्या कुळात इतक्या सुरस गोष्टी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरच सापडतात, की आधी तो फेरफटका.

डीपी रात्रभर खर्ज भरते

गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेली महावितरणची डीपी आणि डॅकमधला बोटभर ट्रान्सफॉर्मर एकाच गोत्राचे. मध्ये लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर तारेची दोन वेटोळी, आणि त्या दोन वेटोळ्यांचा एकमेकांना स्पर्श नाही. डीपीत एका बाजूनं ११,००० व्होल्ट येतात, दुसऱ्या बाजूनं ४३३ बाहेर पडतात. मधला व्यवहार सगळा चुंबकत्वाच्या मार्फत. बऱ्याच डीपींमध्ये तार तांब्याची नसते, अ‍ॅल्युमिनियमची असते. डॅकमधला छोटा भाऊ मात्र सहसा तांब्याखेरीज बोलत नाही.

मायकेल फॅराडेनं २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर अशी दोन वेटोळी गुंडाळली आणि एकात बॅटरी जोडली. दुसऱ्या वेटोळ्याशी लावलेली सुई हलली, पण फक्त जोडताना आणि तोडताना. मधल्या काळात वीज मजेत वाहत होती आणि सुई ढिम्म. म्हणजे ट्रान्सफॉर्मर बदल तेवढा पलीकडे पोचवतो, स्थिर विजेला दारातच अडवतो. आता गाणं म्हणजे नुसता बदलच. त्यामुळे गाणं पार होतं आणि डॅक बिघडून स्थिर व्होल्टेज ओकायला लागला तरी ते पुढच्या मशीनपर्यंत पोचत नाही. स्पीकर वाचतो. हा फायदा जाहिरातीत फारसा कुणी सांगत नाही.

डीपी गुणगुणते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती कुठल्या पट्टीत गुणगुणते? आपली वीज ५० हर्ट्झची, पण गाभ्यातला पत्रा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित लांबतो-आखडतो. चुंबकत्वानं लोखंडाची लांबी बदलते हे जेम्स ज्यूलनं १८४२ मध्येच दाखवलं होतं. दोनदा म्हणजे १०० हर्ट्झ. हार्मोनियमवरची पांढरी पाच मंद्राच्याही खाली नेली की ९८ हर्ट्झला पोचते. तेव्हा पाड्यावरची डीपी रात्रभर पांढरी पाचचा खर्ज भरत असते, जरासा चढा.

यातून घरगुती निदानही होतं. मशीनमधली घूं अगदी खालची, जाड ५० ची असेल तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यात. एक सप्तक वरची, १०० ची असेल तर पॉवर सप्लायचा कपॅसिटर म्हातारा झाला असण्याची शक्यता जास्त. कान तयार असला की मीटर काढायची गरज पडत नाही.

भोंग्याच्या पाठीमागे कोण बसलंय?

झाडावरच्या भोंग्याच्या मागे आवाज काढणारं युनिट असतं, आणि लांब तार ओढायची असेल तर युनिटच्या जोडीला लाईनचा ट्रान्सफॉर्मर. तो काढून टाकला तरी भोंगा वाजेल, मग तो कशाला? हिशोब करून बघा. १६ ओहमच्या युनिटला ३० वॅट द्यायचे तर तारेतून सुमारे १.३७ अँपिअर जायला हवेत. तेच ३० वॅट १०० व्होल्टवर पाठवले तर ०.३ अँपिअरमध्ये काम भागतं. तारेत जी वीज वाया जाते ती करंटच्या वर्गाच्या पटीत जाते. म्हणजे नासाडी वीसेक पटींनी कमी. मंडपापासून देवळापर्यंत साधी बारीक वायर ओढून माईकवाला निर्धास्त बसतो तो याच गणितावर. महावितरण डोंगरावर ११,००० व्होल्ट चढवतं तेही याच हिशोबानं. याच पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते, ती बाहेर पाठवतानाही पहिलं काम व्होल्टेज चढवण्याचंच.

या १०० व्होल्टच्या पद्धतीची आणखी एक सोय म्हणजे बेरीज. भोंग्यांचे वॅट नुसते मिळवत जायचे, मशीनच्या वॅटच्या वर गेलं नाही म्हणजे झालं. ओहमची समांतर-एकसर डोकेफोड नाही. खेड्यापाड्यांत माईकचं दुसरं नावच होऊन बसलेली दिल्लीची अहुजा कंपनी १९४० ची आहे. तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्रात कितीतरी गोष्टी आल्या आणि गेल्या, ट्रान्सफॉर्मर मात्र आहे तिथे आहे.

तांब्याशिवायचा ट्रान्सफॉर्मर

खरी कमाल पुढे आहे. तारपा बघा. दुधीचा वाळवलेला पोकळ भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, मेणानं बुजवलेले सांधे, आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. तो कर्णा शोभेचा नाही. नळीतली बारीक जीभ जोरकस पण इवलीशी थरथरते. बाहेरची हवा हलकी आणि अफाट. नळी एकदम उघडी सोडली तर आवाजाची बरीचशी ताकद तोंडाशी आपटून मागे फिरते. कर्णा हळूहळू रुंद होत जातो आणि नळीतला मोठा दाब बाहेरच्या मोठ्या हालचालीत बदलून देतो. दाब कमी, हालचाल जास्त. ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज कमी, करंट जास्त. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला आवाजाचा ट्रान्सफॉर्मरच म्हणतात. भोंग्यात तर एकाला एक असे दोन ट्रान्सफॉर्मर, एक तांब्याचा आणि एक पत्र्याचा.

तारपा वाजवणारा दम न तोडता वाजवतो. गालात हवा साठवून ती सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा, की सूर अखंड. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी याच वाद्यावर आयुष्य घालवलं. २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. वारली चित्रात तारपा नाच काढतात तो आठवून बघा: मध्ये वादक, भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची एकात एक फिरत गेलेली ओळ. ट्रान्सफॉर्मर उघडून वरून पाहिला तर थेट तसाच दिसतो, मध्ये गाभा आणि भोवती वेटोळं.

आणि जो हे सगळं ऐकतोय त्याच्या कानातही एक ट्रान्सफॉर्मर आहे. आतला कान पाण्यासारख्या द्रवानं भरलेला. हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर हजारातला एक भाग आत जाईल, बाकी परत. म्हणून मधल्या कानात पडदा आणि तीन हाडं. पडद्याचं क्षेत्रफळ आतल्या खिडकीच्या साधारण १७ पट, हाडांच्या तरफेचा १.३ पट फायदा. गुणाकार केला की दाब बावीसेक पट. वाइंडिंग नाही, वॉर्निश नाही, आणि जन्मभराची वॉरंटी (कर्कश डीजेपासून लांब राहिलात तर).

एलईडीच्या पाव करंटमध्ये अख्खा वाद्यवृंद

आता डॅककडे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीला आकड्यांतलं गाणं व्हिडिओ टेपवर चित्राच्या रेषांमध्ये साठवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत ६० क्षेत्रं, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा, दर रेषेत ३ नोंदी: गुणा. आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत ५०, २९४ आणि ३: पुन्हा गुणा. दोन्हीकडे ४४,१०० च. दोन्ही टीव्ही पद्धतींना पटेल असा आकडा शोधला आणि संगीताला तो कायमचा चिकटला.

प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. चिप त्या पायरीप्रमाणे करंट सोडते. फिलिप्सची टीडीए१५४१ए ही या जगातली दंतकथा बनलेली चिप. तिच्यातून गाण्यासाठी निघणारा जास्तीत जास्त करंट ४ मिलिअँपिअर. पूर्ण प्रकाशात पेटलेला साधा लाल एलईडी याच्या कितीतरी जास्त खातो. किशोरीताईंची तान, ढोलाचा ठोका, वाद्यवृंदाचा कल्लोळ, सगळं या चार मिलिअँपिअरच्या आत.

पण मशीनला करंट नको, व्होल्ट हवेत. सीडी प्लेअरचा रिवाज २ व्होल्टचा. बहुतेक कंपन्या इथे ऑप-अँप नावाची चिप लावून मोकळ्या होतात. हौशी माणूस म्हणतो, इतक्या नाजूक जागी डझनावारी ट्रान्झिस्टर कशाला? एक रेझिस्टर आणि एक ट्रान्सफॉर्मर पुरे.

इथे ट्रान्सफॉर्मरची खरी जादू दिसते. १:१० चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो, पण ओहम शंभरपट बदलतो, कारण ओहम वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गात चालतात. बाहेरच्या बाजूला ४,७०० ओहमचा रेझिस्टर लावा, आत चिपला तो ४७ ओहमचा वाटतो. चार मिलिअँपिअरची लहर म्हणजे सरासरीच्या हिशोबात १.४१, गुणिले ४७ म्हणजे ६६ मिलिव्होल्ट, दहापट केले की ०.६६ व्होल्ट. चांगल्या मशीनला एवढं पुरतं. वीज जोडायची नाही, काही तापत नाही, बिघडायला काही हलतही नाही.

एक मेख आहे. फिलिप्सच्या कागदावर लिहिलंय की चिपच्या पायावर २५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त चढउतार होऊ देऊ नका. ४७ ओहमवर टोकाला ९४ होतात. शिस्तीत वागायचं तर १:२० चा ट्रान्सफॉर्मर घ्या. मग चिपला बारा ओहमहूनही कमी दिसतात, पण बाहेर जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट येतात आणि पुढे वाढवावे लागतात. हौशी मंडळी यावर काय करतात? कागद घडी करून खिशात ठेवतात आणि ४७ लावतात. मोजमापात विकृती वाढते. त्यांना ती आवडते. भांडण मिटलं.

दुसरी मेख जास्त नाजूक. ही चिप गाणं बंद असतानाही २ मिलिअँपिअर ओढत राहते. स्थिर करंट, म्हणजे फॅराडेची ढिम्म सुई. तो पलीकडे जात नाही, पण अलीकडे गाभ्याला एका बाजूला कायमचं चुंबकित करून बसतो. म्हणून उलट दिशेनं तेवढाच करंट देऊन त्याला गप्प करावं लागतं. नव्या पिढीच्या दुहेरी चिपमध्ये ही कटकट नाही: दोन पाय एकमेकांच्या उलट चालतात, ट्रान्सफॉर्मरला दोघांतला फरक तेवढा दिसतो, आणि सारखा असलेला स्थिर भाग आपोआप कटतो.

मुकुट असलेली चिप

टीडीए१५४१ए मधल्या निवडक नगांवर फिलिप्स एक छोटा मुकुट छापायची, ‘एस१’. त्याहून निवडक नगांवर दोन मुकुट, ‘एस२’. झालं, जगभरच्या हौशी लोकांत मुकुटाचा बाजार मांडला गेला आणि पाठोपाठ बनावट मुकुटही. साध्या चिपचं छापील घासायचं, वर मुकुट उमटवायचा, किंमत कैक पट. मुकणे राजांचं जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं; राजमुकुट भारतात कायद्यानं संपले, चिपवरचे अजून लिलावात विकले जातात. ऑनलाइन स्वस्तात दुहेरी मुकुट दिसला तर पुढे सरका.

मुंबईच्या समुद्रातून आलेला धातू

डॅकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाचा साधा पत्रा चालत नाही. लहर इतकी क्षीण असते की गाभ्याला जरा चाहूल लागताच प्रतिसाद द्यावा लागतो. त्यासाठी म्यू-मेटल, ज्यात सुमारे ७७ टक्के निकेल, बाकी लोखंड, थोडं तांबं आणि क्रोमियम.

हा धातू जन्मला तो गाण्यासाठी नव्हे, तारायंत्रासाठी. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनकडे समुद्रतळाशी केबल टाकली आणि मुंबई-लंडन निरोप मिनिटांवर आला. ती केबल बनवणाऱ्या टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनीला पुढे एक अडचण सतावत राहिली: लांब केबलमध्ये खुणा एकमेकींत मिसळून चिखल होतो. त्यावर उपाय म्हणून तांब्याच्या तारेभोवती चुंबकी धातूची बारीक तार गुंडाळायची कल्पना होती, आणि त्यासाठी याच कंपनीतल्या विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी १९२३ मध्ये म्यू-मेटल शोधला. समुद्राखालची केबल सुधारायला निघालेला धातू आज हौशी माणसाच्या टेबलावर भैरवी पार करतो.

धातू मोठा मानी आहे. घडवून झाल्यावर त्याला हायड्रोजनच्या भट्टीत तापवून हळूहळू थंड करावं लागतं. त्यानंतर हातातून पडला, ठोकला, वाकवला, तर त्याचे गुण उतरतात. मल्टीमीटरनं ओहम मोजायलाही जाणकार नको म्हणतात, कारण मीटरचा स्थिर करंट गाभ्यात चुंबकत्व मागे सोडू शकतो.

ऐकू न येणारं कसं ऐकलं?

ध्वनिमुद्रणाच्या दुनियेतली ही सगळ्यात गाजलेली ट्रान्सफॉर्मर-कथा. बीटल्सचे ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओच्या नव्या मिक्सरबद्दल तक्रार केली: काही चॅनेल इतरांसारखे वाटत नाहीत. मिक्सर बनवणारे रुपर्ट नीव्ह यांनी तपासलं तर त्या चॅनेलमधल्या ट्रान्सफॉर्मरवर लावायचा भार लावायचा राहून गेला होता, आणि त्यामुळे ५४ किलोहर्ट्झला ३ डेसिबलचा उंचवटा आला होता. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. नीव्ह ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत.

एमेरिकना ५४ किलोहर्ट्झ ऐकू आले यावर माझा विश्वास नाही. वरच्या गडबडीचा काही परिणाम खाली ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरला असणार. पण धडा पक्का आहे: ट्रान्सफॉर्मर मोकळा सोडला की वरच्या टोकाला झंकारतो. वेढ्यावेढ्यांतली धारकता आणि निसटणारं चुंबकत्व मिळून एक सूर धरतात. म्हणून बाहेर भाराचा रेझिस्टर आणि सोबत रेझिस्टर-कपॅसिटरची छोटी जोडी लावतात, झंकार आवरायला.

हाच दोष डॅकमध्ये गुण होतो. १९९६-९७ च्या सुमारास जपानमध्ये रिओहेई कुसुनोकी यांनी एमजे मासिकात मांडलं की सीडीच्या नोंदींना मध्ये जोडनोंदी न घालता, डिजिटल फिल्टर न लावता तशाच वाजवा. कल्पना हौशी जगात वणव्यासारखी पसरली. तशा वाजवल्या की २० किलोहर्ट्झच्या सुराचं भूत २४.१ किलोहर्ट्झला उमटतं. माणसाला ते ऐकू येत नाही (जव्हारच्या वटवाघळांना येईल), पण मशीनला त्रास देतं. झंकारानंतर ट्रान्सफॉर्मर वरचं सगळं झपाट्यानं कापत जातो, म्हणजे ही भुतं थोडीफार पातळ होतात.

वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा का?

तालुक्याच्या बाजारात पंखे आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारा कारागीर असतोच. त्याच्याकडून डॅकचा ट्रान्सफॉर्मर होईल? मोटारीच्या तारेच्या सवयीच्या हाताला इथे ४२-४४ गेजची तार धरावी लागते, म्हणजे ०.१ मिलिमीटर आणि त्याहून बारीक, जवळजवळ केसाइतकी. शिवाय सरळ थरावर थर गुंडाळून भागत नाही. प्राथमिक आणि दुय्यम वेटोळी तुकड्या-तुकड्यांनी एकाआड एक घालावी लागतात, नाहीतर वरचे सूर गळतात. बॉबिनवर निगुतीनं बसणारा माणूस मिळाला तर १:१ चा साधा ट्रान्सफॉर्मर जरूर करून घ्या. १:२० चा हट्ट धरू नका.

पत्र्यांविषयी एक मजा. ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एकत्र बसवून गाभा करतात. दोन ई समोरासमोर ठेवून कापले की त्यांच्या मधल्या खिडक्यांतून जे दोन तुकडे निघतात तेच दोन आय. माप असं ठरवलंय की पत्रा वायाच जात नाही. कुठल्या तरी काटकसरी माणसाचं डोकं.

जव्हार-मोखाड्यात एक शत्रू मोठा: पाऊस. जूनपासून डोंगरावर दमट हवा मुक्कामाला असते. बारीक तारेच्या लाखेला कुठे सूक्ष्म भोक असलं, ओल आत शिरली आणि तारेवर स्थिर व्होल्टेज असलं, की तांबं हिरवं पडून आतल्या आत तुटतं. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ मुके होत ते बऱ्याचदा याच आजारानं. तेव्हा वॉर्निशमध्ये नीट बुडवून भाजलेला ट्रान्सफॉर्मरच घ्यावा. तयार घ्यायचा तर स्वीडनची लुंडाल १९५८ पासून, इंग्लंडची सोवटर १९४१ पासून आणि अमेरिकेची जेन्सन १९७४ पासून हेच काम करताहेत. सुटे भाग बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोड, ज्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय आणि जे नाव टॅक्सीवाल्याला सांगून काही उपयोग होत नाही.

आणि ती ऊब?

आता वादाचा मुद्दा. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर येणारा ताण व्होल्टेज भागिले वारंवारता असा चालतो. त्याच व्होल्टेजला १,००० हर्ट्झपेक्षा २० हर्ट्झवर ताण पन्नासपट. म्हणजे बासरी बिनधास्त पार होते आणि ढोल दमवतो. ढोल नाचाचा ठेका किंवा संबळाचा जाड भाग वाजला की छोटा गाभा भरून जातो आणि लहरीची टोकं दबतात.

दबलेल्या टोकांतून नवे सूर जन्मतात, आणि ते प्रामुख्यानं तिसऱ्या आणि पाचव्या पटीतले. आता गायकाच्या कानानं बघा. षड्जाचा तिपटीचा सूर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपटीचा म्हणजे त्याच्याही वरचा गंधार, तोच जो चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडता ऐकू येतो आणि ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. लोखंडाची खोट सुरात लागते! एकट्या खर्जाच्या सुराला ती भर घालते, भरीव करते. लोक जिला ऊब म्हणतात तिचा मोठा भाग मला तरी इथेच दिसतो. त्यात गूढ काही नाही.

पण एकावेळी दोन वेगळे सूर आले की खेळ बदलतो. ढोल आणि गळा एकाच गाभ्यातून गेले तर दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूर तयार होतात आणि ते कुठल्याच रागात बसत नाहीत. म्हणून विकत घेण्यापूर्वी परीक्षा दोन मुद्रणांनी घ्या. संबळ मोठ्या आवाजात: ठोका पसरट लागला तर गाभा छोटा. मग अखंड तारपा: तो सतत दाट सुरांचा पट्टा आहे, त्यात जराशी भेसळ झाली तरी खरखर लगेच जाणवते. पाश्चात्त्य चाचणी-तबकड्यांपेक्षा हे बरं.

पिन तोडू नका

घूं येण्याचं कारण साधं. लॅपटॉप एका पॉइंटवर, मशीन दुसऱ्यावर. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि तो फरक मिटवायला करंट गाण्याच्या केबलच्या जाळीतून धावतो. यावर एक गावठी उपाय सर्रास चालतो: मशीनच्या प्लगची जाड अर्थिंग पिनच तोडून टाकायची. घूं जाते हे खरं. पण आत कधी फेज बॉडीला लागला तर पावसात भिजलेल्या मंडपात, हातात लोखंडी माईक धरलेल्या माणसाच्या अंगातून तो जमिनीत जातो. त्याऐवजी ६०० ओहमला ६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर लॅपटॉप आणि मशीनच्या मध्ये टाका. दोन वेटोळ्यांत तांब्याचा सांधाच नाही, त्यामुळे फिरणाऱ्या करंटचा रस्ता तुटतो, गाणं तेवढं पलीकडे जातं, आणि अर्थिंग दोन्हीकडे शाबूत. अगदी स्वस्तातला असेल तर बास थोडा पातळ होईल. भंगारातल्या जुन्या मोडेममधला काढलात तर बास जवळपास उडेलच, कारण तो टेलिफोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झपुरता घडवलेला असतो; निवेदनाला चालेल, गाण्याला नाही.

डॅक बनवणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. कागदावरचे आकडे चोख हवे असतील तर आजची चांगली ऑप-अँप ट्रान्सफॉर्मरला हरवते, तेही थोडक्या पैशांत. दुहेरी चिप, १:१ चा बऱ्यापैकी मोठ्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर योग्य भार, एवढ्यावर पहिला डॅक करा. मुकुट, १:२० आणि स्वीडिश डबी नंतर कधीतरी. आणि ज्या घरात लाईट येते-जाते, अर्थिंगचा भरवसा नाही, इन्व्हर्टर-चार्जर-मशीन एकाच बोर्डावर कोंबलेलं आहे, तिथे ट्रान्सफॉर्मरच लावा. अशा जागी त्याला पर्याय नाही.